बाबालाल मिस्त्रींची निळी पेटी

बाबालाल मिस्त्री बोलायला लागले की तोंड बाजूला फिरवायचे. नवीन माणसाला वाटे, हा गृहस्थ आपल्यावर रागावलाय, नाहीतर आपल्या मागं कुणीतरी येऊन उभं राहिलंय. मी लग्न होऊन सांगलीहून कोल्हापुरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला दारात गाठून विचारलं, "वहिनी, पाणी येतंय न्हवं नळाला?" आणि हे विचारताना ते आमच्या भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. मीही पालीकडे बघून "हो" म्हटलं. ही वेल्डिंगवाल्याची खोड आहे, हे पुढं कळलं. जन्मभर आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या झगझगीत, उजेडापासून तोंड चुकवत आलेल्या माणसाला कुणाच्याच तोंडाकडे सरळ बघायची सवय राहत नाही.

आमचं आणि त्यांचं दार समोरासमोर. गल्ली इतकी अरुंद की दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओसरी-सोप्यात शिरावं लागे. शिरोलीला तेव्हा नुकते कारखाने उभे राहत होते आणि मिस्त्री तिथल्या एका शेडमध्ये टाक्या, छपराच्या कैच्या, फाटकं जोडायचं काम करत. अंगातल्या शर्टाला ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं असायची. त्यांच्या पत्नी, हलिमाभाभी, म्हणायच्या, "ह्यांच्या शर्टातनं च्या गाळता येतोय." हातोड्याच्या आवाजानं कान कामातून गेलेले, त्यामुळं मिस्त्रींचं साधं बोलणंही गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते. दिवसभर कानाशी लोकांची कुजबुज आणि घरी आलं की मिस्त्रींचा आवाज, असा माझा संसार होता. त्यांच्या घरी आज कालवण काय आहे हे आम्हाला वासाआधी कळायचं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "बघितलंय म्या, ह्या डोळ्यांनी." कुठल्या पैलवानानं कुणाला कसं चितपट केलं, अमक्याच्या शेडवरचा पत्रा वाऱ्यानं कुठवर उडत गेला, काहीही निघालं की शेवटी हे वाक्य यायचं आणि विषय संपायचा. ऐकीव गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण एकदा का त्यांनी काही डोळ्यांनी बघितलं, की मग साक्षात देव खाली उतरला असता तरी मिस्त्री मागं सरकले नसते. पुढं जे झालं ते सगळं या स्वभावातून झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

शमा ही त्यांची मुलगी. तिच्या आधी त्यांना एक मुलगा होता. युनूस. मी लग्न होऊन येण्याआधीच, एका पावसाळ्यात टायफॉईडनं तो गेला. त्याचं नाव मी मिस्त्रींच्या तोंडून क्वचितच ऐकलं. पण आषाढात पंचगंगा फुगली आणि नळाचं पाणी चहासारखं लाल यायला लागलं, की हा माणूस रोज सकाळी दारात उभा राहून काचेचा ग्लास उजेडाकडे धरायचा. एकदा त्यांनी मलाच थांबवलं.

"वहिनी, ह्यात काय दिसतंय?"

"गढूळ आहे जरा," मी म्हटलं.

"गढूळ सगळ्यांस्नी दिसतंय. जे दिसत न्हाय त्येचं काय करायचं, सांगा."

मी ऑफिसला उशीर होत असल्यासारखं केलं आणि निघाले. डोळ्यांवर इतका भरवसा ठेवणाऱ्या माणसाची गाठ न दिसणाऱ्या गोष्टीशी पडली होती आणि ते त्याला सोसत नव्हतं.

शमाला मात्र त्यांनी पाण्याच्या बाबतीत तळहाताच्या फोडासारखं जपलं. हलिमाभाभी बारा महिने पाणी उकळायच्या. रॉकेलच्या रांगेत त्यांचा अर्धा दिवस जायचा, स्टोव्हच्या धुरानं कोनाडा काळा झाला होता, पण पातेलं चढायचं ते चढायचंच. शमा शाळेला निघाली की गळ्यात पाण्याची बाटली. उरुसाला बाटली, मामाच्या लग्नाला बाटली, बारशाला बाटली. पोरं तिला "बाटलीवाली शमा" म्हणून चिडवायची. एकदा मी मिस्त्रींना म्हटलं, "अहो, पोरगी मोठी झाली, आता तरी सोडा तिला." त्यांनी पालीकडे बघत उत्तर दिलं, "एक सोडलाय की, वहिनी." त्यानंतर मी त्या वाटेला गेले नाही.

आणि मग एके दिवशी ते सोडावॉटरच्या एका कारखान्यात टाकी जोडायला गेले. संध्याकाळी आले ते सायकल न लावताच. सायकल हलिमाभाभींच्या अंगावर टाकून गल्लीत उभे राहून ओरडायला लागले. आम्हाला वाटलं, भांडण झालं.

"उजेडानं! नुसत्या उजेडानं मरत्यात किडं! पाण्यात ट्यूब सोडलीया त्येंनी, काचंच्या नळीत घालून. निळी. पाणी एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं भाईर. जाळ न्हाय, रॉकेल न्हाय, औषध न्हाय. इंजिनिअर म्हणला, डोळ्यास्नी दिसत न्हाईत असलं बारीक किडं ह्या उजेडात मरत्यात."

"तुम्ही मेलेले बघितले का?" आमच्या सासूबाईंनी आतून विचारलं.

"उजेड बघितलाय की, मावशी! ह्या डोळ्यांनी!"

त्या इंजिनिअरच्या मागं लागून त्यांनी एक ट्यूब आणि तिचा चोक मिळवला. मग दोन-तीन आठवडे सोप्यात नुसती ठोकाठोक. तयार झाली ती एक पत्र्याची लांबट पेटी. वरून घागरीचं पाणी ओतायचं, ते आतल्या पसरट ताटातून पातळ होऊन हळूहळू वाहायचं, डोक्यावर ती ट्यूब, आणि खाली तोटी. झाकणाच्या फटीतून निळा उजेड भिंतीवर पडायचा. वेल्डिंगच्या दुकानात येतो तसला जळकट वास यायचा. पेटीला बाहेरून त्यांनी निळाच रंग दिला. पहिला ग्लास त्यांनी स्वतः प्यायला, दुसरा शमाला दिला, आणि हलिमाभाभींच्या हातातून उकळायचं पातेलं काढून घेऊन फळीवर पालथं घातलं.

"उकळल्यालं पाणी म्हंजे मेल्यालं पाणी," ते म्हणाले. "आता पोरीला जित्तं पाणी पाजू."

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत कुणी आजारी पडलं नाही. हे मी शपथेवर सांगते, कारण नंतर पुष्कळांनी वेगळं सांगितलं. पुढच्या गल्लीत हगवणीनं दोन म्हाताऱ्या गेल्या, आमच्याकडे काहीही नाही. सकाळी मिस्त्रींच्या दारात घागरींची रांग लागायची. शमा पाणी ओतायची, हलिमाभाभी तोटीखाली भांडं धरायच्या. कुणी काही द्यायला गेलं की मिस्त्री ओरडायचे, "पाणी हाय ते, दारू न्हाय!" रॉकेल वाचलं म्हणून गल्लीतल्या बायका त्यांना दुवा द्यायच्या. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या, पण त्याही म्हणाल्या, उजेडाला कसली जात. मीही घरातलं उकळणं बंद केलं.

एकच भानगड होती. झाकण उघडून त्या उजेडाकडे बघायचा मोह कुणाला आवरायचा नाही. इतका सुंदर निळा रंग मी कधी बघितला नव्हता. मीही एकदा सकाळी चांगली डोळे भरून बघत बसले. दिवेलागणीला डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकल्यासारखं व्हायला लागलं. पाणी थांबेना, उजेड सोसेना. नवरा घाबरून डॉक्टरकडे न्यायला निघाला, तेवढ्यात मिस्त्री हजर.

"आर्क मारलाय," ते हसत म्हणाले. "आमच्यात नव्या पोराला हमखास मारतोय. बटाट्याच्या चकत्या ठेवा डोळ्यांवर, उद्यापर्यंत बरं हुतंय. बघू नका म्हटलं की बघायचंच, सांगलीकरांचं असंच असतंय."

मी बटाट्याच्या चकत्यांखालून त्यांना दोन शब्द सुनावले. त्यावर ते आणखीच मोठ्यानं हसले.

"दुखतंय न्हवं? मग पेटी चालू हाय!"

गल्लीत कुणाचेही डोळे लाल दिसले की ते हेच म्हणायचे. आम्हीही ती चेष्टा उचलली. पुढं मात्र हे वाक्य माझ्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही.

शमाचं लग्न इचलकरंजीला ठरलं. मुलगा यंत्रमागावर कामाला होता, सलीम, शांत आणि बरा. त्याची आई करारी बाई. हळदीच्या आदल्या दिवशी शमानं हौसेनं पेटी आतून पुसून काढली. ट्यूब चालूच होती. पाहुण्यांच्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी इचलकरंजीची माणसं दारात उतरली तेव्हा नवरी मुलगी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून भिंतीला टेकून बसलेली. सलीमच्या आईनं सगळ्यांच्या देखत विचारलं, "पोरगी डोळ्यानं अधू हाय व्हय? आधी का न्हाय सांगितलंसा?"

बोलाचाली वाढली. जेवणं तशीच राहिली. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलताना मी बघितले. हात जोडून ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आर्क हाय, उद्या उतरंल, उद्या बघा. दुसऱ्या दिवशी ते खरंच उतरलं, शमानं डोळे उघडून सासूकडे बघितलं, आणि लग्न लागलं. पण मिस्त्रींच्या मनाला तो दिवस लागून राहिला. पोरगी सासरी गेली आणि त्याच आठवड्यात त्यांनी ट्यूबच्या खाली, पाण्याच्या वर, एक काच बसवली. जुन्या दुकानाच्या कपाटाची, जाड, स्वच्छ काच. खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी कडेनं भरून पक्की केली.

"आता पाण्याचा शिंतोडाबी ट्यूबवर जायाचा न्हाय आणि डोळ्यांस्नीबी तरास न्हाय," ते म्हणाले. "कारखान्यातबी काचंतच हुती की ट्यूब. बघितलंय म्या."

आणि बसवल्यावर त्यांनी परीक्षाही घेतली. रविवारी दुपारभर झाकण उघडं टाकून त्या निळ्या उजेडाकडे टक लावून बसले. संध्याकाळी येऊन दारात ओरडले, "बघा वहिनी, डोळं टकटकीत! कायबी झालं न्हाय!" त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मीसुद्धा हसले. उजेड तसाच होता. रंग तसाच होता. आता तर पाणी निळं होताना लहान पोरांनाही बिनधोक बघता यायचं, आणि बायका पोरांना कडेवर घेऊन ते दाखवायच्या.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला. नदी पात्राबाहेर आलीच नाही. कुणी आजारी पडलं नाही आणि आम्ही सगळ्यांनी त्याचं श्रेय पेटीला दिलं.

पुढच्या वर्षी शमाला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. सलीमच्या आईचं म्हणणं होतं, नववा लागला की पाठवते. पण पाऊस जोरात होता, इचलकरंजीत कावीळ असल्याचं मिस्त्रींच्या कानावर आलं आणि ते सातव्यातच जाऊन पोरीला घेऊन आले. तिथं काय झालं ते त्यांनीच गल्लीभर सांगितलं. सलीमची आई म्हणाली होती, "आमी पाणी उकळून पितो, काळजी करू नका." त्यावर मिस्त्री म्हणाले, "तुमचं मेल्यालं पाणी ऱ्हाऊ द्या. माझ्या नातवाला जित्तं पाणी पायजे."

शमा आली ती गुटगुटीत. माझ्याकडे बसायला यायची, लिंबाचं लोणचं मागून खायची. गळ्यात बाटली नव्हती. मी विचारलं तर हसून म्हणाली, "आता कशाला, काकी? अब्बांची पेटी हाय की."

पूर आला. नदी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली, दोन दिवस तिथंच उभी राहिली आणि परत गेली. पाणी ओसरल्यावर नळाला जे आलं त्याला वास होता. मिस्त्रींनी ते फडक्यानं गाळलं, तुरटी फिरवली, आणि पेटीत ओतलं. पेटी निळी निळी चमकत होती. आम्ही सगळे रांगेत उभे होतो.

काही आठवड्यांनी गल्लीत मी पहिली पडले. जेवण नको झालं, डोळे पिवळे. मग कोपऱ्यावरचा दूधवाला, मग त्याची सून, मग शाळेतली दोन पोरं. कावीळ. गल्लीत दर चार घरांआड एक खाट. मिस्त्री प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायचे, "भाईर काय खाल्लंसा?" कुणी उसाचा रस प्यालेला असे, कुणी लग्नात जेवलेला असे, काहीतरी निघायचंच. ते निघालं की मिस्त्रींचा जीव भांड्यात पडायचा. मी म्हटलं, मी तर कुठं बाहेर खाल्लं नाही. ते पालीकडे बघत म्हणाले, "हापिसात पाणी प्याला असशिला." मी प्याले होते. मी हो म्हटलं.

मग एका सकाळी शमाला उलटी झाली.

डॉक्टरांनी सांगितलं, गरोदर बाईची कावीळ वाईट, जपा, आणि पाणी भरपूर पाजा. शेवटचे शब्द मिस्त्रींनी धरून ठेवले. ते कामावर जायचे बंद झाले. पेटीच्या शेजारी बसायचे, ग्लास भरायचे, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन पाजायचे. ती नको म्हणायची. "पी माझ्या बाय, पी. पेटीचं हाय. अब्बांच्या पेटीचं हाय." हे सगळं आम्हाला आमच्या घरात ऐकू यायचं, कारण त्यांचं साधं बोलणंही मोठ्यानंच असायचं. खाटेवर पडल्या पडल्या मी ते ऐकत होते, आणि मला कारण न कळता भीती वाटत होती.

तिला दवाखान्यात हलवलं तेव्हा ती माणसं ओळखत नव्हती. मुलगी झाली, वेळेआधी, मुठीएवढी. मुलगी वाचली. शमा वाचली नाही.

इचलकरंजीची माणसं आली आणि मातीनंतर बाळ घेऊन गेली.  जाताना सलीमच्या आईनं सोप्यातल्या त्या पेटीकडे एकदा बघितलं.

शमाच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. आलेल्या माणसांची भांडीकुंडी घासून झाली, आणि त्या दुपारी मिस्त्रींनी पेटी उघडली. काचेवर पुराच्या गाळाचा पातळ थर बसला होता. तो निघेना म्हणून लांबी खरवडून त्यांनी काचच बाहेर काढली, आणि ट्यूब चालू ठेवून आतलं ताट घासत बसले. त्यांना तेव्हा कशाचीच शुद्ध नव्हती, हाताला काहीतरी काम हवं होतं.

दिवेलागणीला ते आमच्या दारात आले. डोळे लालभडक, पाणी गळतंय. मला वाटलं, रडून आलेत. मी बसा म्हटलं. ते बसले नाहीत. आणि त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला त्यांच्या डोळ्यांचा रंगसुद्धा तोवर माहीत नव्हता.

"वहिनी, आर्क मारला मला."

"बटाटा देऊ का?"

"नको. मला एक सांगा. पेटी नवी हुती तवा तुमचं डोळं दुखलं हुतं न्हवं?"

"दुखले होते."

"सगळ्यांचंच दुखायचं."

"हो."

"काच घातल्यापास्नं कुणाचं दुखलं?"

मला वाटलं, मी आठवतेय. पण आठवायला काही नव्हतंच. मी म्हटलं, "कुणाचेच नाहीत."

"कुणाचंच न्हाईत," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "मग जो उजेड डोळ्याला जाळीना, त्यो किड्याला कसा जाळंल, वहिनी?"

मी आत गेले आणि पेटीच्या पाण्याची भरलेली घागर मोरीत ओतली. 

दुसऱ्या दिवशी ते त्या सोडावॉटरच्या कारखान्यात गेले. इंजिनिअरनं त्यांना सांगितलं की तिथली नळी साध्या काचेची नव्हती, गारगोटी वितळवून केलेली होती, तीच तेवढी तो उजेड पलीकडे जाऊ देते. साधी काच निळा रंग जाऊ देते आणि मारणारा उजेड अडवते. दिसायला दोन्ही सारख्याच. आणि हेही सांगितलं की ट्यूब जुनी झाली की तिच्यातलाही तो उजेड संपतो, पण दिसते मात्र निळीच. मिस्त्री परत आले आणि गल्लीच्या मध्यावर उभे राहिले. माणसं दारांत जमली. त्यांनी कुणीही न विचारता सगळं सांगितलं, काच कशी, गारगोटी कशी, पाणी कसं. आणि शेवटी म्हणाले, "शमाला म्या मारलं. तुमास्नीबी म्याच पाजलं."

माणसं एकेक करून दारांतून आत गेली. नंतर मात्र खूप जण बोलले, की आम्हाला आधीपासूनच शंका होती, उजेडानं कुठं पाणी शुद्ध होतं का. असल्या लोकांची मला अजूनही चीड येते. रांगेत ते माझ्या पुढंच उभे असायचे. उजेडानं पाणी शुद्ध होत होतं, आमच्या डोळ्यांनी त्याची साक्ष दिली होती. पोरीचे डोळे दुखले ते बापाला बघवलं नाही, एवढंच झालं होतं.

हलिमाभाभी त्या दिवशी सगळं ऐकून आत गेल्या. फळीवरचं पालथं पातेलं त्यांनी खाली घेतलं, धुतलं, आणि स्टोव्ह पेटवला. मिस्त्रींना त्या एक शब्द बोलल्या नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. त्यांच्या घरात त्यानंतर दोन पाणी झाली. एक भाभींचं उकळलेलं आणि एक मिस्त्रींचं.

कारण मिस्त्रींनी पेटी मोडली नाही. सगळ्यांना वाटलं होतं, हातोडा घेऊन चुरा करतील. त्यांनी काच तेवढी नेऊन नदीत टाकली, पेटी ठेवली. रोज सकाळी झाकण उघडायचे आणि ट्यूबकडे उघड्या डोळ्यांनी बघत बसायचे. संध्याकाळी डोळे चुरचुरले की ते पाणी प्यायचे, नाही चुरचुरले तर ओतून द्यायचे आणि नव्या ट्यूबची खटपट सुरू करायचे. त्या पेटीचं पाणी त्यांच्याशिवाय कुणी पीत नव्हतं. मी एकदा चिडून म्हटलं, "मिस्त्री, वेड लागलंय का तुम्हाला? डोळे जातील." ते माझ्याकडे सरळ बघत म्हणाले, "दुसरं मीटर न्हाय, वहिनी." आता ते सगळ्यांकडेच सरळ बघायचे. मला ते तोंड फिरवणारे मिस्त्रीच बरे वाटत होते.

एका-दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पांढरट पडदा, आला. वेल्डिंग सुटलं. शिरोलीच्या लोकांनी शेडच्या दारात बसायचं काम दिलं, तेही जमेना. डॉक्टर रागावले, भाभींच्या भावानं पेटीची वायर तोडली, मिस्त्रींनी चाचपडत पुन्हा जोडली.

मग माझ्या नवऱ्याची बदली झाली. सामान बांधून झालं होतं, आणि ईद होती म्हणून मी शेवटचं भेटायला समोर गेले. सोप्यात सलीम बसला होता, त्याच्याबरोबर यास्मिन. शमाची मुलगी. चार-एक वर्षांची, नाकीडोळी आईसारखी, आणि गळ्यात पाण्याची बाटली. आजीची सक्त ताकीद होती, नानाच्या घरी थेंबभरही प्यायचं नाही. 

भाभी आत शिरखुर्मा वाढत होत्या. यास्मिननं बाटली उपडी करून बघितली, रिकामी होती. ती सरळ पेटीपाशी गेली.

"नाना, मला निळं पाणी पायजे."

सलीम उठला. मग काय वाटलं कोण जाणे, उभाच राहिला. आतला चमचा वाजायचा थांबला.

मिस्त्री भिंत धरत पेटीपर्यंत आले. घागरीतलं पाणी ओतलं. पोरगी टाचा उंचावून फटीतून आत बघायला लागली, तिची आई बघायची तशीच. मिस्त्रींनी तिला हातानं जवळ ओढलं आणि आपला भाजून भाजून कातडं झालेला तळवा तिच्या डोळ्यांवर ठेवला. दुसऱ्या हातानं झाकण वर केलं. निळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. सकाळपासून त्यांनी तो किती वेळा बघितला होता कोण जाणे, डोळे आधीच लाल होते. आता त्यांनी ते आणखी मोठे उघडले. पापणी लवू दिली नाही. दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत दाढीत उतरलं तरी ते तसेच बघत राहिले. तोटीखाली ग्लास भरत होता.

"दुखतंय का, नाना?" तळव्याखालून पोरीनं विचारलं.

"दुखतंय," मिस्त्री म्हणाले. झाकण बंद करून त्यांनी तिच्या डोळ्यांवरचा हात काढला आणि चाचपडत ग्लास तिच्यापुढं धरला. "लई दुखतंय. पी आता."